भ्रमणध्वनीच्या लहरी आणि आपले आरोग्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सुरगाणा येथे दिलेले भाषण)



भ्रमणध्वनीच्या, म्हणजे आपल्या नित्य बोलण्यातील मोबाईलच्या, किरणांपासून प्रकृतीस अपाय होतो किंवा कसे, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी मला केली आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. उभा जन्म मुलांस अंकगणित व सामान्य विज्ञान शिकविण्यात गेला. तथापि या प्रश्नात थोडे अंकगणितच कामास येते. आपल्या तालुक्यातील काही पाड्यांवर ‘मनोरा आमच्या शिवारात नको, त्याने कर्करोग होतो’ असा सूर निघू लागला आहे. त्याच पाड्यांवरील मुले २०२० सालच्या टाळेबंदीत शाळेच्या धड्यांसाठी टेकाडे चढून ‘रेंज’ शोधीत होती. तेव्हा या विषयाचा निकाल नुसत्या ऐकीव गोष्टींवर लावणे आपणांस परवडणारे नाही.

किरण हा शब्द कानी पडताच आपल्या मनापुढे इस्पितळातील क्ष-किरणे उभी राहतात. क्ष-किरणांच्या अंगी अणूतील विद्युत्कण उखडून टाकण्याचे सामर्थ्य असते व त्यामुळे पेशींची मोडतोड होऊ शकते. मोबाईलच्या लहरी त्या कुळातील नव्हेत. त्या आकाशवाणीच्या लहरींच्या भाऊबंदांतील आहेत. अणू फोडण्याचे बळ त्यांच्यात नाही. त्यांचा निश्चितपणे ठाऊक असलेला परिणाम एकच, तो म्हणजे शरीराचा भाग किंचित तापणे.

मग कर्करोगाची वार्ता आली कोठून? मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ अशा वर्गात घातले. येथे ‘कदाचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि वर्तमानपत्री मथळ्यांत नेमका तोच गळतो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच वर्गात आहे! पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दिवसाला नऊ नऊ तास, दोन वर्षे तीव्र लहरी सोसलेल्या नर उंदरांपैकी काहींच्या हृदयात गाठी आढळल्या. मात्र तेच उंदीर लहरी न सोसलेल्या उंदरांपेक्षा अधिक काळ जगले, हेही तेथेच नमूद आहे. याउलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून माणसांवरील ६३ अभ्यासांचे परिशीलन झाले व ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसून आला नाही. शंकेस जागा मुळीच उरली नाही असे मी म्हणत नाही. परंतु शंका निराळी आणि सिद्ध झालेला दोष निराळा.

आता आपल्या डोंगराळ मुलखाच्या दृष्टीने जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तिच्याकडे वळतो. मोबाईल हा नुसता ऐकणारा नव्हे, तो बोलणाराही आहे. शेजारच्या माणसाशी आपण हळू बोलतो आणि दरीपलीकडच्या गुराख्यास हाक मारावयाची तर बेंबीच्या देठापासून ओरडतो. मोबाईलचेही तसेच आहे. दुसऱ्या पिढीच्या तंत्रावर चालणारा साधा बटणांचा फोन मनोरा दूर असता क्षणोक्षणी २ वॅटपर्यंत शक्तीने लहरी सोडतो. मनोरा जवळ असता तोच फोन सुमारे ३ मिलिवॅटवर भागवितो, म्हणजे सहाशे पटींहून अधिक फरक पडतो. स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, खेड्यांतील फोन जवळजवळ निम्मा वेळ पूर्ण जोराने लहरी सोडीत होते, तर शहरांतील फोन सुमारे पाव वेळच. आणि फोन तर कानाशीच असतो. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाई होते, हा हिशोब आपल्या सातवीच्या मुलासही करता येईल. मनोरा शेकडो फूट दूर, फोन कानापासून बोटभरही नाही. म्हणून ज्या पाड्याने मनोरा हाकलून लावला, त्या पाड्यातील माणसांच्या डोक्याशी अधिकच तीव्र लहरी येतात, असा हा उलटा न्याय आहे! शिवाय रात्री सर्पदंश झाला किंवा बाळंतीण अडली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावयाची कशी, याचे उत्तर विरोधकांनी द्यावयास हवे.

आपल्या सरकारने या बाबतीत हयगय केली असेही नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली गेली. फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या शक्तीची मर्यादा, जिला एस. ए. आर. म्हणतात, दर किलोग्रॅमला १.६ वॅट ठरली. आपल्या फोनवर *#०७# ही चिन्हे दाबल्यास बहुधा हा आकडा दिसतो. मोठ्या नावावर मात्र विसंबू नये. फ्रान्स सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलच्या ‘आयफोन १२’ ची विक्री थांबविली होती. हातात वा खिशात धरल्यावरची मर्यादा ४ वॅटची असता मोजणीत ५.७४ भरले, आणि कंपनीस फोनच्या आज्ञावलीत दुरुस्ती करावी लागली. मोजणी झाली म्हणून दोष कळला.

मनोऱ्यास विरोध करणाऱ्यांनी एक निकालही ध्यानी घ्यावा. सांगली जिल्ह्यातील चिकुर्डे ग्रामपंचायतीने मनोऱ्याविरुद्ध केलेला ठराव मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टिकू दिला नाही; आरोग्यास अपाय होतो याला शास्त्रीय आधार पुढे आला नव्हता.

भीती जेथे पिकते तेथे तिचा बाजारही भरतो. फोनला चिकटविण्याच्या ‘किरणरोधक’ चकत्या विकल्या जातात. अमेरिकेतील ग्राहकरक्षण खात्याने बजाविले आहे की, अशी चकती आड आली तर फोन अधिकच जोर लावतो. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी गोमयाची चकती पुढे आणली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. गोमयाने सारवलेल्या भुईविषयी माझा वाद नाही, तिच्यावरच मी लहानाचा मोठा झालो. परंतु फोनचे सारवण करून काय साधणार?

खरा, रोजचा धोका मला निराळाच दिसतो. आठवड्याच्या बाजारातून घेतलेला विनापावतीचा चार्जर, फुगलेली बॅटरी, आणि उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, यांनी घर पेटू शकते. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक पाहावा आणि पावती मागण्यास संकोचू नये. माल खोटा निघाल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, माल कोठेही घेतलेला असो, आपल्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे, म्हणजे नाशिकलाच, दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्कही नाही. ज्यांना किरणांची शंका वाटते त्यांनी कानात घालावयाची तार वापरावी, रेंज क्षीण असता लांबलचक गप्पा टाळाव्यात, आणि पोरांच्या हाती फोन कमी द्यावा. हे शेवटचे तर किरणे नसती तरी मी सांगितले असते.

उरला मनोऱ्याचा वाद. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे ४,००० रुपये शुल्क भरून कोणाही नागरिकास मनोऱ्याच्या लहरींची मोजणी करून घेता येते. ज्या पाड्यावर शंका असेल तेथील मनोऱ्याची मोजणी करून घ्यावी, शुल्क मंडळाच्या निधीतून द्यावे, आणि आलेला आकडा ग्रामसभेत सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवावा, असा ठराव मी आजच्या सभेपुढे मांडतो. अनुमोदन देणाऱ्यांनी कृपया हात वर करावेत.