चंचल मूल आणि आपले कर्तव्य



मोंढ्यातील हमाल आणि फडावरचे ऊसतोड कामगार यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. मजुरीचे दर, मुकादमाची उचल, थकलेली बिले हे आमचे विषय. तेव्हा या व्यासपीठावर आम्ही लेकरांच्या संगोपनावर बोलणार, हे वाचून कित्येकांना नवल वाटले असेल. चालकांनी हा विषय आमच्यावर लादलेला नाही. आम्हीच तो मागून घेतला. का मागून घेतला ते आधी सांगितले पाहिजे. ते सांगितल्यावाचून पुढे काही शिकविण्याचा अधिकार आम्हांला पोहोचत नाही.

आमचा धाकटा मुलगा लहानपणी एका जागी बसत नसे. वर्गात बाकावरून उठे, दुसऱ्याचे बोलणे संपण्याआधी बोले, पाटी, पुस्तक, चप्पल यांपैकी एक तरी वस्तू रोज हरवून येई. मीठ आणावयास पाठविला तर वाटेत कोणाचा ट्रॅक्टर दुरुस्त होताना पाहत उभा राही आणि तासाभराने रिकाम्या हाताने परते. शाळेतून निरोपावर निरोप येत. आम्ही सभांवरून रात्री परतावे आणि दिवसभराच्या तक्रारींचा निकाल पट्ट्याने लावावा, असा क्रम होता.

एका दिवशी फडावर एका मुकादमाने मजुरावर हात उचलला. आम्ही माणसे जमविली आणि मुकादमाला सर्वांसमक्ष माफी मागावयास लावली. त्या अभिमानात घरी आलो, तो मुलाने गणिताचे पुस्तक तिसऱ्यांदा हरविलेले. आम्ही हात उचलला. आमच्या मंडळी मध्ये येऊन म्हणाल्या, "मुकादमानं मारलं तर तुम्ही मोर्चा नेता. ह्या लेकराचा मोर्चा कुणी न्यायचा?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पण त्या रात्रीपासून आम्ही शहाणे झालो, असे म्हटले तर ते खोटे होईल. मारणे कमी झाले, समजणे वाढले नाही. मुलाने नववीत शाळा सोडली. आज तो गॅरेजात चांगला कारागीर आहे. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतो. पण बँकेचा अर्ज भरावयाचा झाला की तो कागद दुसऱ्याकडे सरकवितो आणि म्हणतो, "मला डोकं नाही." हे वाक्य त्याचे नव्हे. ते आमचे आहे. आम्ही ते त्याला दहा वर्षे ऐकविले, म्हणून त्याला पाठ झाले.

पुढे आमच्या मुलीच्या मुलात तीच लक्षणे दिसली. मुलगी आमच्यापेक्षा शहाणी. तिने पट्टा शोधला नाही, डॉक्टर शोधला. तेथे आम्ही प्रथम तो शब्द ऐकला. एडीएचडी. मराठीत त्याला अवधानाची उणीव आणि अतिचंचलता असे म्हणता येईल. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि घरात करून पाहिले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, हा काही आजकालचा रोग नव्हे आणि मोबाइलने निर्माण केलेलाही नव्हे. लंडन येथे 1902 साली जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने देऊन अशा मुलांचे वर्णन केले. बुद्धी शाबूत, पण आवेग आवरत नाही, लक्ष टिकत नाही, अशी ती मुले. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्याने हा नैतिक संयमाचा दोष मानला. पुढे नाव अनेकदा बदलले आणि 1987 मध्ये आजचे नाव रूढ झाले. जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर शंभर मुलांत सुमारे पाच मुले अशी असतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन. आपण ज्यांना वांड, व्रात्य, वेंधळे म्हणून निकालात काढतो, त्यांत ही मुले मिसळलेली आहेत.

परंतु प्रत्येक अवखळ लेकरू म्हणजे एडीएचडी नव्हे. लेकरू धावणारच, आणि धावले पाहिजे. डॉक्टर चार गोष्टी पाहतात. लक्षणे निदान सहा महिने टिकली आहेत काय? बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसतात काय? केवळ शाळेत किंवा केवळ घरी नव्हे, तर दोन्ही ठिकाणी दिसतात काय? आणि त्यांच्यामुळे मुलाचे शिकणे, मैत्री, घरातले वागणे खरोखर अडते काय? कान, डोळे, झोप, रक्तातील लोह हेही तपासावे लागते. कमी ऐकू येणारे मूलही वर्गात लक्ष देत नाही, आणि उपाशी मूलही देत नाही.

येथे मुलींविषयी एक शब्द. काही मुले धावत नाहीत, बोलत नाहीत. खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसतात आणि सांगितलेले विसरतात. मुलींत हा प्रकार पुष्कळदा आढळतो. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांची तक्रार येत नाही. घरात 'धांदरट' हे नाव मिळते, अभ्यास मागे पडतो आणि लवकर लग्न उरकले जाते. गप्प बसणाऱ्या मुलीकडेही लक्ष असू द्या.

दुसरी गोष्ट कारणाची. लेकरू असे निघाले की गाव आईकडे बोट दाखविते. 'लाडावून ठेवले', 'वळण लावले नाही'. बंधुभगिनींनो, हा आळ खोटा आहे. या अवस्थेचा मोठा वाटा आनुवंशिक आहे. अकाली जन्म, जन्माच्या वेळचे कमी वजन, यांचाही संबंध आढळतो. अमेरिकेत 2007 साली मेंदूच्या छायाचित्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या मुलांच्या मेंदूच्या बाहेरील थराची पक्वता सरासरीने सुमारे तीन वर्षे उशिरा येते, असे दिसले. वाढीचा मार्ग तोच, गती संथ. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून आपण दहाचा संयम मागतो आणि त्याच्याजवळ असतो सातचा. जे त्याच्या खिशात नाही ते मारून कसे निघेल? आणि आनुवंशिकतेचे म्हणाल तर, आम्ही स्वतः सातवीत शाळा सोडली. बसणे सोसत नव्हते. आम्हांला कोणी तपासलेले नाही, म्हणून आम्ही दावा करीत नाही. पण नातवाकडे पाहताना आरशात पाहिल्यासारखे वाटते खरे.

आता करावयाचे काय? आम्ही कामगारांची माणसे. आम्हांला ते कामगारांच्या भाषेत समजले, तसेच सांगतो. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली आणि मागण्यांचा अर्ज केला. आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळच्या वेळी, या त्यांतील प्रमुख मागण्या. रविवारची सुटी मिळावयास 10 जून 1890 उजाडले. आमच्या नातवाकडे पाहून आम्हांला वाटले की, हे लेकरूही न बोलता याच मागण्या करीत आहे.

विश्रांतीची मागणी पाहा. 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे मोठ्या कामगारालाही सलग पाच तासांहून अधिक राबविता येत नसे. अर्ध्या तासाची सुटी द्यावीच लागे. मग आठ वर्षांच्या चंचल पोराला दोन तास अभ्यासाला जखडून काय साधणार? आमच्या घरी आता दहा-पंधरा मिनिटे अभ्यास, मग पाच मिनिटे उठणे, पाणी भरणे, अंगणात फेरी, पुन्हा दहा मिनिटे, असा क्रम आहे. पाच गणितांऐवजी एकच गणित समोर ठेवावयाचे. ते झाले की दुसरे.

पगाराची मागणी पाहा. हमालाला संध्याकाळी मजुरी हातात पडली की दुसऱ्या दिवशी तो उमेदीने येतो. दिवाळीच्या बोनसवर त्याने वर्षभर पोती उचलावी, असे कोणी म्हटले तर तो हसेल. आपण मात्र लेकराला सांगतो, 'वार्षिक परीक्षेत पहिला ये, सायकल घेऊ.' या मुलांना लांबचे बक्षीस दिसतच नाही. त्यांची मजुरी रोजची आणि लगेचची हवी. आमच्या मुलीने भिंतीवर हजेरीचा कागद लावला आहे. दप्तर जागेवर ठेवले, एक खूण. जेवताना शेवटपर्यंत बसला, एक खूण. पाच खुणा झाल्या की रात्री आजोबांची एक गोष्ट किंवा मामाच्या गॅरेजात अर्धा तास. यात पैसा लागत नाही. आणि शाबासकी द्यावयाची तर 'चांगला आहेस' असे मोघम नको. 'चप्पल आठवणीने जागेवर ठेवलीस' असे नेमके सांगावे.

तिसरी गोष्ट म्हणजे कामाचा हुकूम. 'दप्तर भर, हातपाय धू, आजीला औषध दे आणि अभ्यासाला बस', हे चार हुकूम झाले. त्याच्यापर्यंत पहिला पोहोचतो, उरलेले वाऱ्यावर जातात. जवळ जावे, डोळ्याला डोळा मिळाल्यावर एकच काम सांगावे, ते झाल्यावर दुसरे. उठणे, जेवणे, अभ्यास, झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. झोप पुरी व्हावी आणि झोपण्याआधी मोबाइल हातातून काढून घ्यावा. मोबाइल कारण नसला तरी झोप मोडून लक्षणे वाढवितोच. किरकोळ चुळबुळीकडे कानाडोळा करावा. नियम थोडे ठेवावेत, पण ते आज एक आणि उद्या दुसरे असे नसावेत. आणि आपलाच संताप चढला तर क्षणभर बाहेर ओट्यावर जाऊन यावे. रागावलेल्या माणसाने वाटाघाटीला बसू नये, हे आम्ही संघटनेत शिकलो. घरात शिकावयास फार उशीर केला.

आता औषधाविषयी. आपल्याकडे दोन टोके आहेत. एक म्हणतो, मेंदूचे औषध म्हणजे पोर कायमचे बधिर होणार. दुसरा म्हणतो, गोळी द्या आणि मोकळे व्हा. दोन्ही चूक. लहान वयात प्रथम आईबापांनी वागणूक शिकावी, हा तज्ज्ञांचा सल्ला असतो. त्रास फार असेल तर मोठ्या मुलांना औषधाचा चांगला उपयोग होतो. ते गुंगीचे औषध नव्हे. भूक मंदावणे, झोप कमी होणे असे त्रास त्यातून होऊ शकतात; म्हणून ते तज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यावे, वजन-उंची पाहत राहावे, आणि आपल्या मनाने वाढवू नये की कमी करू नये. अंगारे, गंडे, चटके यांनी काही होत नाही. लेकराला भीती तेवढी बसते.

डॉक्टर कोठे शोधावा? केंद्र सरकारने 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुले तपासतात. ज्या अवस्था तपासावयाच्या, त्यांच्या यादीत ही अवस्था आहे. पथक आले की आपल्या मुलाविषयी बोलावे, लपवू नये. मानसिक आरोग्यासाठी 2022 मध्ये सरकारने टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. 14416 हा तिचा क्रमांक. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही, पण वाचन-लेखन-गणितातील अध्ययन अक्षमतेचे आहे. ती पुष्कळदा या अवस्थेच्या जोडीने येते, म्हणून तिचीही तपासणी करून घ्यावी.

शिक्षकांशी भांडावयास जाऊ नका, बोलावयास जा. मुलाला पुढच्या बाकावर बसवा, खडू-वह्या वाटण्याचे काम द्या, एवढे मागा. असे मागणे काही नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळेनेच कुरणात जावे, असा तो विचार. मुलाच्या मापाची शाळा करता येते, हे याच महाराष्ट्रात करून दाखविलेले आहे.

शेवटी आमच्या कोयत्यांविषयी. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातून बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने फडावर राहतात. चंचल मुलाला सर्वांत अधिक गरज ठरलेल्या क्रमाची, आणि वर्षातून दोनदा मोडतो तो हाच क्रम. अशा लेकराला हंगामात आजीआजोबांकडे किंवा वसतिगृहात ठेवून त्याची शाळा टिकविणे, ही मुकादमाच्या उचलीइतकीच संघटनेच्या विषयपत्रिकेवरची बाब आहे, असे आम्ही यापुढे मानणार आहो. ती यापूर्वी का मानली नाही, याचा जाब कोणी विचारला तर तो रास्तच आहे.

मागच्या महिन्यात धाकट्याला आम्ही डॉक्टरांचे सांगणे सांगितले. तो स्पॅनर पुसत ऐकत होता. बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हतो, दादा." आम्ही म्हणालो, "नाही रे. तू मुद्दाम करत नव्हतास. चूक आमची होती." हे वाक्य बोलावयास आम्हांला वीस वर्षे लागली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असे लेकरू आहे, त्यांनी ते आज रात्रीच बोलावे.