जमिनीतले जस्त, ताटातले जस्त

प्रौढ माणसाच्या शरीरात जस्त असते अवघे दोन ग्रॅमच्या आसपास. त्यातले बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. तरीही तीनशेहून अधिक एन्झाइमांचे काम त्याच्यावाचून अडते. मुलांची वाढ, जखम भरून येणे, तोंडाची चव, रोगाशी झुंजण्याची ताकद, सगळ्याला ते लागते. शरीर लोहाचा साठा करून ठेवते, तसा जस्ताचा करत नाही. म्हणून ते रोजच्या जेवणातूनच मिळावे लागते.

मूळचे बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधील शिराझ येथे काम करत होते. तिथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला मात्र दहा वर्षांच्या पोराएवढा. तो उपाशी नव्हता. त्याचे पोट रोटीवर भरत होते, पण वाढ खुंटली होती. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढू लागली. धान्यात जस्त असूनही ते अंगी लागत नव्हते, हे या संशोधनातून पुढे आले.

असूनही न मिळण्याची ही अडचण अमरावती जिल्ह्यातील दर्यापूरकडे मातीपासूनच सुरू होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. जमीन काळी, खोल, चुनखडीची. सामू बहुधा आठच्या वर. अशा जमिनीत जस्त चुन्याशी जखडून बसते आणि मुळांना उचलता येत नाही. पिकाची कोवळी पाने पिवळी पडतात, पेरे आखूड राहतात. पंतनगरला यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली भातावरील खैरा रोगाचे मूळ जस्ताच्या कमतरतेत असल्याचे दाखवले, तेव्हापासून झिंक सल्फेट देशभरातील शेतकऱ्यांच्या ओळखीचे झाले. माती परीक्षण करूनच ते टाकावे, हे उत्तम.

दुसरी गाठ ताटात पडते. ज्वारी, तूर, हरभरा यांच्या दाण्यात फायटिक आम्ल असते आणि ते आतड्यात जस्ताला धरून ठेवते. भारतीय जेवण असे धान्य-डाळींचे, म्हणून आयसीएमआरने २०२० साली रोजची शिफारस पुरुषांसाठी १७ आणि स्त्रियांसाठी १३.२ मिलिग्रॅम अशी चढी ठेवली. चार भाकरी म्हणजे पाव किलो पीठ. त्यातून मिळतात पाचेक मिलिग्रॅम. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत २०१८ मध्ये आणलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात किलोमागे ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. तेवढ्याच पिठातून आठ मिळतील. असे वाण वऱ्हाडातल्या शेतांतही दिसायला हवेत.

फायटिक आम्लाची ही गाठ सोडवण्याची युक्ती मात्र घरातच आहे. मूग-मोठ रात्रभर भिजवून मोड आणले, ज्वारीचे पीठ आंबवून अंबील केली, की ते बरेच कमी होते. तिळाच्या शंभर ग्रॅममध्ये सात-आठ मिलिग्रॅम जस्त असते, त्यामुळे भाकरीसोबत तिळाची चटणी हे साधे तोंडीलावणे नव्हे. मटण-अंड्यांतले जस्त शरीराला सहज लागू पडते.

२०१६-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत एक ते चार वर्षांच्या १९ टक्के बालकांत आणि ३२ टक्के किशोरवयीनांत जस्त कमी आढळले. बाळाला हगवण लागली की ते शौचावाटे आणखी निघून जाते. म्हणून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ओआरएसच्या जोडीला जस्त देण्यास सांगितले. भारतात दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि त्यापुढच्याला २० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी रोज देतात. तान्ह्या बाळासाठी ती चमच्यात आईच्या दुधात विरघळवायची. मोठ्याला उकळून गार केलेल्या पाण्यातही चालते. आशाताई त्या गोळ्या हातात देताना चौदा दिवसांचे बजावून सांगतात. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की घरात गोळीही थांबते, आणि नुकसान होते ते इथेच. उरलेल्या गोळ्यांनी झीज भरून निघते आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा होण्याची शक्यता घटते.

आजार नसताना मात्र मोठ्यांनी ताकदीसाठी म्हणून जस्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. प्रौढांत रोजचे जस्त ४० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले, तर आतड्यात तांब्याची वाट अडते आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो.