गिट्टीचा आवाज



समुद्रातल्या कोळंबी-खेकड्यांच्या आवाजावरची परिषद जालन्यात भरणार म्हटल्यावर गावात बराच हशा पिकला. ‘बियाणं झालं, सळई झाली, आता शेवंड का?’ असं एकाने मला भर मोंढ्यात विचारलं. त्याचंही खरं आहे. जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरून गोदावरी जाते, तेवढंच आमचं मोठं पाणी.

पण मी विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत म्हातारा झालो, म्हणून या विषयावर दोन शब्द बोलायचं धाडस करतो. एप्रिल उजाडला की विहिरीचं पाणी तळाला जातं आणि काठावरची मोटार गिट्टी भरडल्यासारखी वाजायला लागते. शेतकरी म्हणतो, पंपात खडे गेले. खोलून बघावं तर खडा एकही नाही. पंखा मात्र देवीचे व्रण असल्यासारखा बारीक खड्ड्यांनी भरलेला. ही करणी बुडबुड्यांची. पाणी फार खालून ओढावं लागलं की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की थंड पाण्यातही वाफेचे बुडबुडे धरतात. पुढे दाब वाढला की ते आतल्या आत कोसळतात, आणि प्रत्येक कोसळणं म्हणजे लोखंडावर एक घाव.

हेच यंत्र एक बोटभर कोळंबी हातात घेऊन फिरते. अल्फियस तिचं नाव. तिची एक नांगी दुसरीच्या कितीतरी पट मोठी असते. ही नांगी आपटून ती चुटकी वाजवते, अशी पुष्कळ वर्षं समजूत होती. २००० साली डेट्लेफ लोझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिलं, तेव्हा क्रम वेगळाच निघाला. नांगी मिटते, सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने पाण्याची धार सुटते, धारेमागे बुडबुडा फुगतो, आणि तो कोसळताना ‘टच्’ होतं. म्हणजे आवाज नांगीचा नव्हेच, बुडबुड्याचा. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींना त्या क्षणी अंधुक प्रकाशही सापडला. आतलं तापमान निदान ५००० केल्विन असावं, असा त्यांचा हिशेब. त्या धक्क्याने बारकं भक्ष्य बधिर होतं, बिळावर आलेला शेजारीही मागे सरतो. मोठी नांगी तुटली तर धाकटी वाढून तिची जागा घेते. आमच्या पंख्याला ही सोय असती तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं! अशा हजारो कोळंब्या एकत्र वाजल्या की समुद्र तेलात मोहरी टाकल्यासारखा तडतडतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांची चाहूल घेणाऱ्या अमेरिकन नौदलाला याच तडतडीने त्रास दिला.

शेवंडांची रीत निराळी. मिशांच्या बुडाचा मऊ भाग ते डोळ्यांखालच्या गुळगुळीत पट्टीवर घासतात. सारंगीचा गज जसा तारेला धरतो-सोडतो, तसंच हे, असं शीला पाटेक यांनी २००१ साली दाखवलं. म्हणून कात टाकल्यावर कवच मऊ पडलं, तरी त्यांचा आवाज जात नाही. आणि शत्रूला दचकवायची गरज तेव्हाच जास्त असते. वाळूत बिळं करणारा भुतखेकडा तर त्याच्याही पुढचा. अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका जातीबद्दल २०१९ साली समजलं, की हा गडी जठरातले दात घासून गुरगुरतो. नांग्या भांडणात अडकल्या तरी धमकी चालू! पोटातल्या पोटात गुरगुरणं आम्हा मराठवाड्यातल्या माणसांनाही येतं, पण ते मुंबईपर्यंत ऐकू जात नाही.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून माशांचे आवाज टिपले आहेत. ते काम इथे बसलेल्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून मी थांबतो.

जेवणाची व्यवस्था मागच्या मंडपात आहे. ज्वारीची भाकरी आणि ठेचा आहे, मासळी नाही. तेवढी चूक पदरात घ्यावी. उद्या सकाळी सात वाजता माझ्या शेतावरची मोटार मुद्दाम चालू ठेवतो. पाणी तळाला गेलंय, ती वाजणारच. ज्यांनी ध्वनिग्राहक आणले असतील त्यांनी ते विहिरीत सोडावेत, आणि हा आवाज कोळंबीच्या किती जवळचा, ते आम्हाला सांगून मगच जावं.