पाचांची जुळणी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल. संगणकाच्या पडद्यावरचा खेळ, आणि त्यासाठी वसंतातली एक संध्याकाळ खर्च करावयाची? शंका रास्त आहे. तिला एक सोपे उत्तर देता येईल. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांसाठी पदके होती. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना क्रीडास्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. पण सरकारमान्य झाली म्हणून कोणतीही गोष्ट विचार करण्याजोगी होत नाही. माझे उत्तर वेगळे आहे. या खेळांच्या अंगाने एक लहानशी विद्या वाढली आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी जी पाच-पाच पात्रे निवडली, त्यांची जुळणी तपासावयाची आणि कोणाचे पारडे कशामुळे जड आहे हे सांगावयाचे, अशी ती विद्या. तिच्यात निकालाआधी विचार करावा लागतो, आणि निकाल लागल्यावर तोच विचार निकालाच्या दबावाखाली न येता पुन्हा तपासावा लागतो. ही सवय खेळाबाहेरही फार थोड्या जणांना असते. म्हणून हा विषय.

प्रथम खेळाची तोंडओळख. उदाहरणासाठी मी ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ घेतो. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने तो २००९ साली आणला. मैदान चौकोनी, त्याच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन संघांची ठाणी. ठाण्यांना जोडणाऱ्या वाटा तीन, आणि वाटांच्या मधे जंगल. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू. वरच्या वाटेवर एक, मधल्या वाटेवर एक, जंगलात एक, आणि खालच्या वाटेवर दोघे. या दोघांतला एक नेमबाज असतो व दुसरा त्याचा पाठीराखा. शत्रूच्या ठाण्याचा गाभा फोडला की खेळ जिंकला. वाटेत सोने मिळवावयाचे, त्यातून शस्त्रे व चिलखते विकत घ्यावयाची, आणि बळ वाढवीत पुढे सरकावयाचे.

परंतु खरी मौज त्याच्या आधी आहे. खेळाडूंना घेता येण्याजोगी पात्रे १७० हून अधिक, आणि प्रत्येकाची शक्ती वेगळी. स्पर्धेत प्रत्येक संघ पाच पात्रे बाद करतो. ती मग कोणालाच मिळत नाहीत. उरलेल्यांतून दोन्ही संघ आळीपाळीने निवड करतात. मी एक उचलले की समोरचा दोन उचलतो. मग मी दोन. निवड उघड्यावर होते. म्हणजे माझी प्रत्येक निवड प्रतिपक्षाला माझ्या बेताची बातमी देते. या निवडीच्या फेरीला ड्राफ्ट म्हणतात.

नवशिक्याची पहिली धडपड पाठांतराची असते. अमक्यावर तमका भारी, असे कोष्टक तो पाठ करू लागतो. साधे गणित करून पाहू. १७० पात्रांतून पाच निवडण्याचे प्रकार १११ कोटींहून जास्त भरतात. हा एका बाजूचा हिशेब. समोरची बाजू अजून धरलेलीच नाही. शिवाय खेळाचे नियम व पात्रांचे बळ कंपनी साधारण दर दोन आठवड्यांनी थोडेथोडे बदलते, तेव्हा आजचे कोष्टक महिन्याने शिळे होते. २०२५ पासून मोठ्या स्पर्धांत आणखी एक नियम आला आहे. सामन्याच्या एका डावात जे पात्र खेळले, ते त्या सामन्याच्या पुढच्या डावांत दोन्ही संघांना बंद. पाठ केलेली आवडती जुळणी एकदा वापरली की संपली. तात्पर्य, येथे पाठांतराने निभावत नाही. भाषेतली सर्व वाक्ये पाठ करून कोणी भाषा शिकत नाही. व्याकरण अंगी मुरवावे लागते. जुळणीचेही व्याकरण आहे, आणि ते चार प्रश्नांत मांडता येते.

पहिला प्रश्न: हा संघ जिंकणार कसा? काही जुळण्या लांबून मारा करून शत्रूला झिजवतात. काही एकदम झेप घेऊन अंगावर जातात. काहींजवळ झेप घेणाऱ्याला परत ढकलून देण्याची साधने असतात. झेप घेणारे लांबून मारणाऱ्यांना गाठतात. ढकलणारे झेपेचा जोर मोडतात. आणि ढकलणाऱ्यांना लांबून मारणारे सावकाश झिजवतात. हा सर्वसाधारण कल झाला, अटळ नियम नव्हे. पण ज्या जुळणीबद्दल ‘ही अशी जिंकेल’ असे एक वाक्य बोलता येत नाही, ती जुळणी नव्हे. पाच चांगल्या माणसांची गर्दी आहे. नाटकमंडळीत पाचही नट राजाच्या भूमिकेसाठी अडून बसले, तर भालदार कोणी व्हावयाचे?

दुसरा प्रश्न: मारा कोणत्या जातीचा? या खेळात प्रहार मुख्यतः दोन जातींचे, शारीरिक आणि जादूचे. पहिल्याविरुद्ध चिलखत, दुसऱ्याविरुद्ध वेगळे कवच. चिलखताचे गणित फार बोलके आहे. चिलखत १०० असेल तर शारीरिक प्रहार निम्मा बसतो. २०० असेल तर एक-तृतीयांश. आता एखाद्या संघाने पाचही पात्रे शारीरिक माऱ्याचीच घेतली असे समजा. प्रतिपक्ष काय करील? चिलखत घेईल, आणि त्यावर खर्चलेले प्रत्येक नाणे पाचही शत्रूंविरुद्ध कामी येईल. मारा मिश्र असेल तर त्याला तेच सोने दोन जागी वाटावे लागेल. एकेकटे पाहिले तर पाचही पात्रे उत्तम असतील. एकत्र आली की त्यांनी शत्रूचा खर्च निम्म्यावर आणला. जुळणी म्हणजे बेरीज नव्हे, हे यातून कळते.

तिसरा प्रश्न काळाचा. काही पात्रे आरंभीच जोरात असतात. काहींना पुष्कळ सोने मिळाल्यावर तेज चढते. आपल्याकडे शेतकरी एकाच शेतात मूग आणि तूर पेरतो. मूग आधी हाती येतो, तूर मागाहून. हे मिश्रण शहाणपणाचे आहे, कारण तूर पिकेपर्यंत मुगावर निभाव लागतो. तसा निभाव योजलेला असेल तर लवकर व उशिरा पिकणारी पात्रे एकत्र शोभतात. योजना नसेल, तर एकजण ‘आत्ताच लढू’ म्हणतो, दुसरा ‘थांबा’ म्हणतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. असे संघ बहुधा भांडून हरतात.

चौथा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही: निवड झाली त्या क्षणी काय ठाऊक होते? पहिली निवड आंधळी असते, शेवटची डोळस. दोघींना एकच माप लावणे अन्याय होय. आणि ते पात्र कोणाच्या हाती जाणार, हेही यातच आले. कागदावर भारी पण हाताला सवय नसलेले पात्र, सवयीच्या मध्यम पात्रापेक्षा हलके ठरू शकते.

आता एक प्रत्यक्ष सामना पाहू. २०१६ च्या जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोरासमोर कोरियाचेच दोन संघ, रॉक्स टायगर्स आणि एस. के. टेलिकॉम. त्या स्पर्धेत पाठीराख्याच्या जागी झायरा या पात्राचा बोलबाला होता. ती जमिनीतून रोपटी उगवते, आणि ती रोपटी शत्रूवर मारा करतात. पहिला डाव गमावल्यावर रॉक्सने दुसऱ्या डावात मिस फॉर्च्यून हे पात्र पुढे केले. हे पात्र नेमबाजाचे. सोने त्याने खावयाचे, अशी रीत. रॉक्सचा गोरिला या नावाने खेळणारा पाठीराखा मात्र ते पाठीराख्याच्या जागी घेऊन बसला. लोक चकित झाले. पण चार प्रश्न विचारून पाहा. मिस फॉर्च्यूनची एक गोळी पहिल्या लक्ष्याला लागून उसळते व मागच्याला लागते. झायराची रोपटी म्हणजे त्या गोळीला आयत्या पायऱ्याच झाल्या. शेजारी नेमबाज होती ॲश. तिचा बाण दुरून येऊन शत्रूला जागच्या जागी खिळवतो, आणि खिळलेल्या शत्रूवर मिस फॉर्च्यूनने गोळ्यांचा पाऊस पाडावयाचा. जिंकण्याची रीत एका वाक्यात सांगता येत होती. रॉक्सने दुसरा डाव जिंकला. तीच निवड कायम ठेवून तिसराही जिंकला.

मग चौथा व पाचवा डाव एस. के. टेलिकॉमने घेतला, सामना ३-२ असा जिंकला, आणि पुढे जागतिक पदही पटकावले. तेव्हा प्रश्न येतो: रॉक्स हरले, मग ती निवड चुकीची ठरली काय? मुळीच नाही. ज्या क्षणी ती केली, त्या क्षणी जे ठाऊक होते त्यावरून ती उत्तम होती. पानिपतात हार झाली म्हणून सदाशिवरावभाऊंचा प्रत्येक निर्णय मूर्खपणाचा, आणि जय झाला असता तर तोच दूरदृष्टीचा, अशी बोलणी आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्या पद्धतीत विचार निकालाच्या मागून येतो. तो शहाणपणाचा दिसतो. पण पुढच्या निर्णयाला त्याचा उपयोग नसतो.

उलट टोकही टाळले पाहिजे. जुळणीला काही महत्त्वच नाही, खेळणारा खंबीर हवा, असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी याच कुळातल्या ‘डोटा २’ या खेळाचे उदाहरण देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ओपनएआय या संस्थेने आपली संगणकप्रणाली तरबेज मानवी खेळाडूंसमोर उतरवली. निवडीसाठी १८ पात्रे ठेवली होती. पहिले दोन डाव यंत्राने जिंकले. तिसऱ्या डावात यंत्राची पात्रे प्रेक्षकांनी निवडली, आणि मुद्दाम अडचणीची निवडली. डाव सुरू होण्यापूर्वी यंत्राने स्वतःच्या जयाची शक्यता वर्तवली ती अवघी २.९ टक्के. यंत्र तो डाव हरले. खेळणारे यंत्र तेच होते. ते थकले नव्हते की घाबरले नव्हते. बदलली होती जुळणी. अर्थात एका डावाने सिद्धांत उभा राहत नाही. असा अंदाज खरा की खोटा, हे शेकडो डाव मोजल्यावरच कळेल. पण यंत्राने अंदाज खेळाआधी सांगितला, हे त्यातले घेण्याजोगे.

तरुण श्रोत्यांना माझी सूचना एवढीच आहे. एक वही करा. सामना पाहण्याआधी, निवड पुरी झाली की, तीन ओळी लिहा: प्रत्येक बाजू कशी जिंकेल, केव्हा जिंकेल, आणि तिचा बेत कशाने मोडेल. शेवटी शंभरात किती संधी, तो आकडा घाला. सामना संपल्यावर ती पाने खोडू नका. लिहिलेला बेत खेळला गेला का, हे आधी पाहा. बेत खेळला गेला आणि तरी फसला, तर दोष निवडीत शोधा. बेत खेळलाच गेला नाही, तर दोष हातात शोधा. पन्नास पाने झाल्यावर, जेथे शंभरात सत्तर लिहिले होते तेथे खरोखर सत्तरच्या आसपास जय झाले का, ते मोजा. आपला आत्मविश्वास किती फुगीर आहे, हे सांगणारा याहून स्वस्त गुरू मला ठाऊक नाही.

या अभ्यासाचा आणखी एक लाभ आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. या खेळात बहुधा पाच अनोळखी मुले एकत्र येतात. हार झाली की चौघे मिळून एकावर तुटून पडतात; शिव्यांना सीमा राहत नाही. बळी बहुधा पाठीराख्याचा जातो, कारण त्याच्या कामाची नोंद आकड्यांत कमी दिसते. ज्याला जुळणी वाचता येते, त्याला कळते की समोर चिलखत चढत होते आणि आपला सगळा मारा एकाच जातीचा होता. चूक पाचांनी मिळून खेळाआधीच केली होती. ते कळले की शिवी देण्यासाठी उघडलेले तोंड मिटते, आणि पुढच्या डावासाठी बोलणे सुरू होते.

घराघरांतून, कचेऱ्यांतून, संस्थांतून आपणही पाच-दहा जण मिळून कामे करतो, आणि काम फसले की एक माणूस शोधतो. तो शोधण्यापूर्वी, निवड आपण कशी केली होती आणि तेव्हा आपल्याला काय ठाऊक होते, एवढे विचारण्याची सवय लागली, तर ती मुलांच्या खेळातून आली म्हणून कमी प्रतीची ठरणार नाही.