रुग्णाचा सॉलिसिटर

वकील म्हटला कीं काळा डगला, साक्षीदाराची उलटतपासणी आणि न्यायाधीशापुढील आवेशपूर्ण भाषण असेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. सॉलिसिटर या चित्रांत क्वचितच दिसतो. मुंबईकरांना तो अपरिचित नाहीं. फोर्टमधील जुन्या इमारतींत त्याच्या पेढ्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. पक्षकाराची हकीकत ऐकावी, कागदपत्रें जमवावीं, नोटिसा धाडाव्या आणि दावा जुळवून बॅरिस्टराच्या हातीं द्यावा, हें त्याचें काम. विलायतेंत या वर्गांतील कांहीं मंडळींनीं वैद्यकीय हयगयीचे दावे हेंच आपलें एकमेव क्षेत्र केलें आहे.

हा विशेषज्ञांचा वर्ग तेथें फार जुना नाहीं. डॉक्टराविरुद्ध दावा लावणें एके काळीं जवळजवळ व्यर्थ समजलें जाई. याला कारण १९५७ सालचा बोलम खटला. एका मनोरुग्णास विजेचे झटके देतांना स्नायू सैल करणारें औषध दिलें नव्हतें, त्याला धरूनही ठेवलें नव्हतें. त्यांत त्याच्या खुब्याचीं हाडें मोडलीं. न्यायमूर्ति मॅक्नेयर यांनीं ज्यूरीला असें समजावून दिलें कीं, त्या शाखेंतील जबाबदार डॉक्टरांचा एक गट ज्या पद्धतीला योग्य मानतो तिला अनुसरून डॉक्टर वागला असेल, तर इतरांचें मत विरुद्ध असलें तरी तो दोषी ठरत नाहीं. रुग्ण दावा हरला, आणि ही कसोटी डॉक्टरांची ढाल होऊन बसली. अशा गटाचें मत तर्काच्या कसाला उतरलें पाहिजे, एवढी पुस्ती तिला जोडली जावयास १९९७ साल उजाडावें लागलें. दरम्यान १९८० मध्यें बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवर पीटर रॅन्स्ले यांचें या विषयावरील एक नाटक झालें, त्यांतून चर्चा उठली आणि १९८२ मध्यें वैद्यकीय अपघातांत सांपडलेल्यांना साहाय्य करणारी संस्था निघाली. नाटकानें वकिलांना नवा व्यवसाय मिळवून द्यावा, हा योग मोठा मौजेचा खरा!

या सॉलिसिटराचे दिवस न्यायालयांत जात नाहींत. ते रुग्णालयाचीं दप्तरें वाचण्यांत जातात. औषधांचे तक्ते, परिचारिकांच्या रात्रपाळीच्या नोंदी, प्रसूतीच्या वेळीं बालकाच्या हृदयाचे ठोके टिपणारी लांबलचक कागदी पट्टी, हें सारें तारीखवार आणि कित्येकदां मिनिटवार लावावें लागतें. नंतर तें दुसऱ्या गांवच्या तटस्थ तज्ज्ञाकडे मतासाठीं जातें. दाव्याची मुदत सामान्यतः दुखापतीपासून किंवा ती ध्यानांत आल्यापासून ३ वर्षांची. अज्ञान मुलाच्या बाबतींत ती १८ व्या वर्षापासून मोजतात. म्हणून एखाद्या बाळंतपणाच्या नोंदी वीस वर्षांनींही उकरून काढाव्या लागतात.

डॉक्टर चुकला हें सिद्ध झालें म्हणजे दावा जिंकला, असा सामान्य माणसाचा समज असतो. तो किती फसवा आहे हें लंडनमधील एका प्रसंगावरून दिसतें. १९६६ च्या पहिल्या दिवशीं सकाळीं तीन रखवालदार चहा प्याल्यानंतर ओकाऱ्या होत असल्यामुळें रुग्णालयांत आले. डॉक्टरानें त्यांना तपासलें नाहीं. घरीं जाऊन आपापल्या डॉक्टरांना बोलवा, असा निरोप मात्र धाडला. त्यांतील एक थोड्याच तासांत दगावला. चहांत सोमल होता. डॉक्टरानें तपासावयास हवें होतें हें न्यायालयानें मान्य केलें. पण तपासलें असतें तरी उतारा वेळेवर मिळाला नसता, म्हणून विधवेचा दावा फेटाळला! पक्षकाराला हें पहिल्या भेटींतच सांगणें, हें या व्यवसायांतील सर्वांत अप्रिय कर्तव्य होय.

चिकाटी किती लागते याचें उदाहरण स्कॉटलंडमधील माँटगोमेरी खटला. १९९९ च्या ऑक्टोबरांत मधुमेह असलेली, चणीनें लहान अशी एक स्त्री प्रसूत झाली. अशा मातांच्या बाबतींत मुलाचे खांदे अडकण्याचा धोका शेंकडा ९ ते १० असतो. तिच्या डॉक्टरीणबाईंना तो ठाऊक होता. परंतु सांगितला तर बायका शस्त्रक्रियाच मागतील, म्हणून त्या सहसा सांगत नसत. डोकें बाहेर आल्यावर खांदे अडकले, मूल पुरतें बाहेर येण्यास १२ मिनिटें लागलीं आणि प्राणवायूअभावीं तें जन्माचें अपंग झालें. आईचा दावा २०१० मध्यें फेटाळला गेला, २०१३ मध्यें अपिलांतही फेटाळला गेला. दोनदां हरलेला दावा पुढें न्यावा कीं नाहीं, हा सल्ला देतांना भल्याभल्यांचा धीर सुटतो. तो लंडनच्या सर्वोच्च न्यायालयांत नेला गेला, आणि ११ मार्च २०१५ रोजीं सात न्यायमूर्तींनीं एकमतानें आईच्या बाजूनें निकाल दिला. रुग्णाच्या जागीं असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो डॉक्टरानें सांगितलाच पाहिजे, असें ठरलें. भरपाई ५२ लाख ५० हजार पौंडांची मिळाली. मुलगा त्या वेळीं पंधरा वर्षांचा होता.

या कामासाठीं मिळणारें सरकारी साहाय्य इंग्लंडमध्यें २०१३ पासून जवळजवळ बंद झालें. मेंदूला इजा झालेल्या नवजात बालकांपुरतेंच तें उरलें. इतर दावे बहुधा जिंकल्यासच मेहनताना या करारावर चालतात. त्यामुळें हरण्याची जोखीम सॉलिसिटराच्या पेढीवर पडते, आणि दुबळे पण खरे दावे कित्येकदां दारांतूनच परत जातात. ही गोष्ट खचित चांगली नव्हे.

आपल्याकडेही हा प्रश्न जुनाच. १९५३ च्या मे महिन्यांत कोंकणच्या किनाऱ्यावर मांडीचें हाड मोडलेला वीस वर्षांचा एक तरुण पुण्यास आणला गेला आणि उपचारांनंतर त्याच संध्याकाळीं वारला. पुरेशी भूल न देतां हाड जोराने ओढून बसविलें, हा वडिलांचा आरोप न्यायालयांनीं ग्राह्य धरला. १९६८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कायम केलेली भरपाई होती ३,००० रुपये.

पैसा हा पुष्कळ पक्षकारांचा पहिला प्रश्न नसतोच. त्या रात्रीं नक्की काय घडलें, एवढेंच त्यांना हवें असतें. इंग्लंडांत २०१४ पासून गंभीर इजा झाल्यास रुग्णालयानें आपण होऊन ती सांगितली पाहिजे, असा नियम झाला आहे. तेव्हांपासून सॉलिसिटराच्या टेबलावर येणाऱ्या कागदांत रुग्णालयाचें पत्रही असूं शकतें, आणि तें तो सर्वांत आधीं वाचतो.