फळ्यामागचे डबे



मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलवर बोला, असे चालकांनी सांगितले तेव्हा आम्हांला हसू आले. कोणत्याही हायस्कुलाची पायरी आम्ही चढलेलो नाही. परंतु तेथला एक फळा आमच्या ओळखीचा आहे.

जुन्या एल्फिन्स्टन संस्थेची 1856 साली फाळणी होऊन कॉलेज आणि हायस्कूल निराळे झाले. दादाभाई नौरोजी त्या मूळ संस्थेचे विद्यार्थी. नामवंतांची यादी मोठी आहे. ती आज वाचीत नाही.

परळच्या डबक चाळीतून रामजी सुभेदारांचा भीमराव या सरकारी शाळेत जाई. एकदा गुरुजींनी त्याला गणितासाठी फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे असत. हा शिवेल म्हणून मुले धावली, डबे खाली उतरले, आणि मग गणित झाले. संस्कृत त्याला मिळाले नाही. फारसी घ्यावी लागली. शाळा सरकारची होती हो, पण वर्गातली मुले गावातलीच!

डबा ही काय चीज आहे, हे कळंबोलीच्या लोखंडबाजारात ओझी उचलणाऱ्यांना विचारा. चार डबे एकत्र उघडतात तिथे युनियनची पहिली बैठक होते. डबे वेगळे, तिथे संप टिकत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

1907 साली तो मुलगा मॅट्रिक झाला. गुण 750 पैकी 282. पहिला नंबर वगैरे काही नाही! तरीही सत्कार झाला. त्यात पुढाकार घेतला तो विल्सन हायस्कूलच्या केळुसकर गुरुजींनी. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला दिले, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडे शब्द टाकून दरमहा 25 रुपयांची सोय करविली. शाळेच्या यादीत केळुसकरांचे नाव कसे असणार? ते तर दुसऱ्या शाळेचे मास्तर!

त्या सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले. त्यांनीच 1909 साली कामगार हितवर्धक सभा काढली, आणि 1923 साली सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला.

डबे मात्र गिरणीतही होतेच. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तुटलेला धागा सांधताना तोंडाला लागतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी आमच्याच पुढाऱ्यांना विचारले : हे दार उघडण्याची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही?