येतं का, आणि किती झेपेल?

आम्ही घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमधल्या बचत गटांबरोबर काम करतो. आज दोन इंग्रजी शब्दांविषयी बोलू या. कर्जाचा अर्ज भरताना, ऑर्डर घेताना ते हमखास भेटतात: एबिलिटी आणि कपॅसिटी. मराठीत दोन्हींना 'क्षमता' म्हणून मोकळे होतात, आणि तिथेच घोळ होतो.

आपल्या बोलीत फरक सोपा आहे. 'पापड लाटता येतात का?' ही एबिलिटी. 'दिवसाला किती झेपतील?' ही कपॅसिटी. तिचं उत्तर आकड्यातच द्यायचं. अंधेरीतल्या इमारतींत लिफ्टमध्ये पाटी असते, कपॅसिटी इतकी माणसं. लिफ्टला वर जाता येतं, हे काही कोणी पाटीवर लिहीत नाही!

लिज्जत पापडाचंच बघा. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद पडलं. हात तेच, कसब तेच, पण वाळवायला ऊन नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पावसातही काम चालू राहिलं. आपल्या गटांना मात्र पुन्हा पुन्हा लाटण्याचंच प्रशिक्षण मिळतं, खाटेचं कोणी विचारत नाही.

कर्जाच्या अर्जात 'रिपेमेंट कपॅसिटी' असते. बाईला वाटतं, साहेब आपली ऐपत काढतायत. ती तावातावाने सांगते, "आम्ही एकही हप्ता बुडवला नाही." खरंच आहे ते, पण इथे विचारलंय वेगळंच. घरखर्च आणि जुने हप्ते वजा जाऊन महिन्याला किती उरतं, तो आकडा हवा असतो. तो फुगवू नका. जास्तीचं कर्ज मंजूर झालं तरी फेडायचं आपल्यालाच आहे.

ऑर्डरचंही तसंच. दिवाळीला कोणी 100 किलो चकली मागितली, तर चकली येते म्हणून लगेच हो म्हणू नका. पाच जणी मिळून रोज आठ किलो करत असाल, तर आठ दिवसांत होणार 64. उरलेल्या 36 किलोंसाठी शेजारच्या गटाला आधी विचारा, नाहीतर साठचीच ऑर्डर घ्या.